पाणी दबत नाही

बंद पडलेली गाडी वेगळी आणि न फिरणारं इंजिन वेगळं. बंद गाडीला किक मारली की इंजिन निदान फिरतं, फुसफुसतं, फक्त पेटत नाही. मग प्लग बघायचा, पेट्रोल बघायचं, करंट बघायचा; तासाभरात माणूस घरी जातो. इंजिनच फिरत नसेल तर किकवर ठेवलेला पाय तिथंच अडतो आणि गाडीवाल्याच्या पोटात गोळा येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडच्या गॅरेजांसमोर असे पोटात गोळा आलेले कितीतरी जण उभे होते. मुखेड तालुक्यात तुफान पाऊस झाला, लेंडी प्रकल्पाचं पाणी हसनाळ, रावणगाव अशा गावांत शिरलं. माणसं गेली, जनावरं दावणीलाच गेली. अशा दुःखात गाडीची काय कथा, असं लांबून वाटतं. पण पाणी ओसरल्यावर तहसीलला जायचं ते गाडीवर, दवाखाना गाठायचा तो गाडीवर, उरलेल्या एका म्हशीचं दूध घालायचं तेही गाडीवरच. घरात चिखल, अंगणात गाडी, आणि गाडी फिरेना.

देगलूर नाक्याकडच्या एका गॅरेजवाल्या चाचांकडे मी त्या दिवसांत बरेचदा जाऊन बसे. मुखेडकडचा एक पोरगा टेम्पोत गाडी घालून आला. साधी शंभर सीसीची, चेनकव्हरमध्ये काळी माती घट्ट बसलेली. म्हणाला, "चाचा, किक जाईना. भावानं आन् मी दोघांनी मिळून दाबली, तरी जाईना." चाचांनी हात वर केला. "जोर नको लगाव, बेटा. पहले ये बोल, डुबने के बाद सेल्फ मारा क्या?"

पोरगा घाबरत म्हणाला, मारला होता. नुसतं टिक वाजलं, बॅटरी भिजून गेली होती. चाचांचा चेहरा एकदम सैल झाला.

तो का सैल झाला, हे समजलं की अर्धं इंजिन समजलं. पिस्टन वर येतो तेव्हा त्याच्या डोक्यावरची हवा दाबली जाते. हवा दबते म्हणूनच इंजिन चालतं. एअर फिल्टरमधून किंवा सायलेन्सरमधून पाणी आत गेलं असेल, तर वर येणाऱ्या पिस्टनला पाणी आडवं येतं. पाणी दबत नाही. मग पिस्टन थांबतो, आणि खालून जोर चालूच राहिला तर मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. पुरात बुडालेली गाडी पाण्यानं तेवढी मरत नाही, जेवढी पाणी ओसरल्यावर मारलेल्या सेल्फनं मरते. बुडालेल्या बॅटरीनं त्या पोराच्या गाडीचा रॉड वाचवला असण्याची शक्यता होती. शक्यताच, अजून काही उघडलं नव्हतं.

चाचांनी गाडी मधल्या स्टँडवर घेतली. न्यूट्रलमध्ये मागचं चाक फिरवलं, मोकळं फिरलं. म्हणजे ब्रेक, बेअरिंग, चेन यांचा दोष नाही. मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून चाक दोन्ही हातांनी हलकेच मागे-पुढे केलं. वरच्या गिअरमध्ये चाकाचा जोर इंजिनापर्यंत सगळ्यात चांगला पोचतो. चाक जरा हललं, चेनचा ढिलेपणा संपला आणि ठप्प. एकाच जागी अडत असेल तर आत पाणी किंवा वाकलेला व्हॉल्व्ह. थोडंही सरकत नसेल तर पिस्टन चिकटलेला. हे जोरानं कळत नाही. जोर लावला की सगळंच सारखं घट्ट लागतं.

प्लग काढला. त्याच्या टोकावर गाळ होता, पण भोकातून पाणी आलं नाही. तेव्हा त्यांनी खालचा ड्रेन बोल्ट सैल केला. आधी पाणी आलं, स्वच्छ नव्हे, मातकट. पाणी ऑईलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं. मग धार जाड झाली आणि दुधाच्या चहासारखं काहीतरी डब्यात पडू लागलं. तो डबा पोरगा एकटक बघत होता. ज्या पाण्यानं त्याचं घर बुडवलं, तेच हे.

लातूरला मी काही वर्षं काढली आहेत, म्हणून हे बघताना मला दुसरंच आठवत होतं. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी. त्या दुष्काळी उन्हाळ्यात गंजगोलाईपासून गल्लीबोळापर्यंत मोटारसायकलींना दोन्ही बाजूंनी पाण्याचे कॅन लटकलेले असत. तेव्हाची इंजिनं दुसऱ्या कारणांनी जाम होत. ओझं, ऊन, आणि पैसे नाहीत म्हणून पुढं ढकललेलं ऑईल. अॅल्युमिनियमचा पिस्टन तापला की तो ज्यात सरकतो त्या बिडाच्या स्लीव्हपेक्षा जवळपास दुप्पट फुगतो. मधला ऑईलचा पापुद्रा गेला की धातूला धातू घासतो आणि पिस्टन जागच्या जागी धरतो. जुन्या राजदूतच्या काळात पेट्रोलमध्ये ऑईल टाकायचं राहिलं तरी हीच गत. एकाच मराठवाड्यात नऊ वर्षांच्या अंतरानं एका गाडीला पाणी आणता आणता धाप लागते आणि दुसरी पाण्यातच बुडते, ही गोष्ट मला कुठल्याही आकडेवारीपेक्षा जास्त लागते.

चाचांनी प्लगच्या भोकातून डिझेल आणि ऑईलचं मिश्रण सोडलं, भोकात चिंधी कोंबली आणि पोराला सांगितलं, "कल आव." स्लीव्हवर गंज धरला असेल तर तो एका रात्रीत थोडा तरी सुटतो. सकाळी तो आला तेव्हा मीही होतो. पुन्हा वरचा गिअर, पुन्हा चाक मागे-पुढे. पहिल्यांदा बोटभर सरकलं. चाचा थांबले, परत डिझेल सोडलं, परत हलवलं. मग इंजिन करकरत एक पुरा फेरा फिरलं. पोरगा किककडे धावला, चाचांनी त्याचा हात धरला.

रॉड बघायचा राहिला होता. चाचांनी सायकलची एक तार प्लगच्या भोकात पिस्टनवर टेकवली आणि चाक अगदी सावकाश फिरवून पिस्टन पार वर आणला. तार बाहेर कुठवर येते तिथं नखानं खूण केली. शेजारी दुरुस्त होऊन उभी असलेली तशीच गाडी घेतली, तिचा प्लग काढला आणि तीच तार तिच्यात घातली. रॉड वाकला तर तो आखूड होतो आणि पिस्टन पुरा वर पोचत नाही. दोन्हीकडे खूण एकाच ठिकाणी आली. चाचांनी तार पोराच्या हातात दिली, "तूच देख ले."

मग हेड आणि ब्लॉक उतरवला. स्लीव्हला गंजाचे बारीक खड्डे होते, रिंगा चिकटल्या होत्या. लेथवर बोअर करून पाव मिलिमीटर मोठा पिस्टन टाकावा लागला. क्लचच्या प्लेटा धुतल्या, गाळ बसलेला कार्बोरेटर उकलून साफ केला, टाकीतलं पेट्रोल ओतून दिलं. इंजिन सुरू झालं तेव्हा सायलेन्सरनं बराच वेळ पांढरा धूर आणि पाणी टाकलं. थोडं चालवून आत भरलेलं ताजं ऑईलही काढलं, कारण ते पुन्हा दुधाळ झालं होतं. नवं भरलं, तेही काढलं. तिसरं भरलं तेव्हा रंग टिकला.

मजुरीचं चाचांनी एवढंच सांगितलं की सोयाबीनचे पैसे आले की बघू. सोयाबीन पाण्याखाली गेलं होतं, हे दोघांनाही माहीत होतं. पोरगा कंधारमार्गे निघाला. चाचा मागून ओरडून सांगत होते, पाचशे किलोमीटर पळवू नको, चाळीसच्या वर नको, आणि गावात ज्याची ज्याची गाडी बुडली त्याला सांग, किक मारू नका, ढकलत आणा.