पक नसताना

आइस हॉकीच्या रिंकमध्ये स्काउट ओळखायचा असेल तर गोल झाल्यावर कोण उठत नाही ते पाहावं. कॅनडातल्या सडबरीच्या जुन्या रिंकमध्ये घरच्या संघाने गोल केला की छताजवळून एक पेंढा भरलेला लांडगा तारेवरून सरकत पुढे येतो, अख्खं स्टेडियम उभं राहतं, आणि वरच्या कोपऱ्यात कॉफीचे कागदी पेले सांभाळत आम्ही चार-पाच जण वहीत खरडत बसलेले असतो. गोल कुणी मारला हे थोड्या वेळात फोनवर दिसतंच. मला टिपायचं असतं ते त्याच्या आधीचं. सतरा वर्षांचा तो सेंटर, पक (खेळातली चकती) त्याच्याकडे यायच्या आधी, खांद्यावरून मागे पाहून घेत होता का? पाहिलं असेल तर त्याला काय दिसलं, आणि जे दिसलं त्याचं त्याने काय केलं?

एक शिफ्ट साधारण पाऊण मिनिटाची. पाच जण बर्फावर उतरतात, जीव तोडून पळतात, फळी ओलांडून परत बाकावर. साठ मिनिटांच्या सामन्यात ज्युनिअर लीगमधला चांगला आघाडीचा खेळाडू वीसएक मिनिटं खेळतो, आणि त्यातलं जेमतेम एखादं मिनिट पक त्याच्या स्टिकवर असतो. पकच्या मागे डोळे फिरवणाऱ्याने त्या मुलाचा खेळ पाहिलेलाच नसतो.

माझा जन्म डोंबिवलीचा, शाळा ऑन्टारियोतली. स्केटिंग उशिरा शिकलो आणि बेताचंच जमलं. व्हिडिओ कापण्याच्या कामातून या धंद्यात शिरलो, आणि आता एका व्यावसायिक संघासाठी ज्युनिअर लीगमधली मुलं पाहतो. आईला कुणी विचारलं की ती ‘तो मुलं बघत फिरतो’ एवढंच सांगते. त्यावर नात्यातल्या एक-दोघींनी आपल्या मुलींच्या पत्रिकाही पाठवल्या होत्या.

आमचा संघ सध्या रीबिल्डमध्ये आहे. म्हणजे तिशीतले नावाजलेले खेळाडू दुसऱ्या संघांना देऊन टाकायचे, बदल्यात ड्राफ्टमधल्या, म्हणजे नव्या मुलांच्या वाटपातल्या, निवडी घ्यायच्या, तीन-चार हंगाम मार खायचा आणि पोरसवदा संघ उभा करायचा. आयपीएलच्या लिलावात जो जास्त बोली लावेल त्याचा खेळाडू. एनएचएलच्या, म्हणजे इथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टमध्ये बोलीच नसते. ३२ संघ, सात फेऱ्या, आणि साधारणपणे जो जास्त हरला त्याचा नंबर आधी. मुद्दाम हरण्याचा मोह होऊ नये म्हणून वरच्या क्रमांकांसाठी सोडत काढतात. सध्याच्या नियमांत तळाच्या संघालाही पहिली निवड मिळण्याची शक्यता २५.५ टक्केच आहे.

कोलोरॅडोचं उदाहरण मी नव्या सहकाऱ्यांना आवर्जून सांगतो. २०१६-१७ च्या हंगामात ८२ सामन्यांत २२ विजय, ४८ गुण, तळाचा क्रमांक. एवढं हरून सोडतीत नशीब फुटकं निघालं आणि संघ चौथ्या निवडीवर घसरला. चौथा म्हणून त्यांनी घेतला केल मकार. हा मुलगा अल्बर्टातल्या ब्रूक्स या छोट्या गावाच्या संघात, दुय्यम दर्जाच्या ज्युनिअर लीगमध्ये खेळत होता. तिथे त्याने भरपूर गुण मिळवले होते. पण त्या लीगमधल्या गुणांचा भाव किती धरायचा यावर कुठल्याही बैठकीत तासभर भांडण होईल. भांडण ज्यावर होऊ शकत नव्हतं ते त्याचे पाय. निळ्या रेषेवर, समोरून माणूस अंगावर येत असताना, स्केटच्या कडेवर वजन टाकून तो आडवा सरकायचा आणि येणारा भलत्या दिशेला निघून जायचा. समोरचा पंधरा वर्षांचा असो की तिशीतला, पाय सगळ्यांचे सारखेच गुंततात.

त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते कोलोरॅडोने पुढे जे केलं ते. म्हणजे काहीच केलं नाही. मकार दोन वर्षं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात खेळला, आणि २०१९ च्या प्लेऑफमध्येच कोलोरॅडोच्या जर्सीत उतरला. २०२२ मध्ये लीगचा विजेता चषक, स्टॅनली कप, कोलोरॅडोकडे आणि प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याच्याकडे. रीबिल्डमधल्या संघापाशी पैसा, कीर्ती, प्रेक्षक सगळ्याची चणचण असते. भरपूर असतो तो फक्त वेळ. आणि कपात सुरू होते तीही वेळेपासूनच. मालक विचारतो, हा मुलगा कधी खेळणार? तिकीटविक्रीवाले विचारतात, पोस्टरवर कधी लावायचा? मग आम्ही स्काउट लोकही नकळत आज तयार दिसणाऱ्या मुलाकडे झुकतो.

आज तयार दिसणारा मुलगा कसा असतो? बहुतेकदा तो मोठा असतो. सोळाव्या वर्षीच खांदे भरलेले. पक घेऊन फळीच्या कडेने बचावपटूला वळसा घालायचा, खांदा आत टाकायचा आणि गोलसमोर घुसायचं. ज्युनिअरमध्ये ही चाल वर्षानुवर्षं चालते. एनएचएलमधला बचावपटू वळसा घालूच देत नाही, तो आधीच फळीशी उभा असतो. म्हणून मी प्रत्येक गोलपुढे एकच प्रश्न लिहितो: ही वाट बंद झाली तर? एखादा सामना असा येतोच की ती वाट बंद होते. समोरचा प्रशिक्षक हुशार निघतो, दोघांना त्याच्यावर घालतो. त्या संध्याकाळी मुलगा काय करतो, चिडून तीच चाल पुन्हा लावतो की पक लवकर सोडून मोकळ्या जागेत जातो, यावर माझा अर्धा अहवाल उभा राहतो. म्हणून मला रविवारच्या दुपारचे सामने आवडतात. शुक्रवार, शनिवार खेळून, रात्रीचा बसप्रवास करून मुलं आलेली असतात. पाय जड असतात, आणि जड पायांनी माणूस आपल्या मूळ सवयींवर येतो.

उलट बाजूचा मुलगा छोटा असतो. कोपऱ्यात, पाठ मैदानाकडे, मागून माणूस धावत येतोय; पण पक पोहोचायच्या आधीच त्याचं ठरलेलं असतं, एका स्पर्शात पुढे. प्रेक्षकांना यात काही दिसत नाही, टाळीही पडत नाही. मोठ्यांच्या खेळात ही सवय असावीच लागते. ती विसाव्या वर्षी शिकवता येते का? माझा अनुभव सांगतो, फारशी नाही. ताकद आणि पाय मात्र बऱ्याच अंशी घडवता येतात. सॅम बेनेट २०१४ च्या ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचणीत एकही पुल-अप काढू शकला नव्हता, त्याची भरपूर टिंगल झाली. त्याच बेनेटला २०२५ मध्ये फ्लोरिडाने कप जिंकला तेव्हा प्लेऑफमधला सर्वोत्तम म्हणून निवडलं. ब्रेडन पॉइंट त्याच २०१४ च्या ड्राफ्टमध्ये ७९ वा गेला. उंची कमी आणि स्केटिंग बेताचं, हे तेव्हाचे आक्षेप. स्केटिंगवर त्याने नंतर मेहनत घेतली आणि टँपाबरोबर दोन कप उचलले.

नावाखाली मी जन्माचा महिना ठळक लिहितो. इथे मुलांचे गट जानेवारी ते डिसेंबर या वर्षावर पडतात, त्यामुळे आठव्या-नवव्या वर्षी जानेवारीचा मुलगा डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने थोराड असतो. त्यालाच बर्फ जास्त मिळतो, चांगला प्रशिक्षक मिळतो, आणि तो फरक फुगत जातो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार ड्राफ्टमध्ये निवडलेल्या कॅनेडियन मुलांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेले ३६ टक्के होते, शेवटच्या तीन महिन्यांतले १४.५ टक्के. गंमत पुढे आहे. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेल्यांची एनएचएलमध्ये ४०० सामन्यांपर्यंत मजल मारण्याची शक्यता पहिल्या तिमाहीतल्यांच्या तुलनेत जवळजवळ दुप्पट निघाली. म्हणजे आम्ही सगळे मिळून थोराडपणाला गुण देत होतो. मकारचा जन्म ऑक्टोबरचा. स्वीडनच्या हेन्रिक झेटरबर्गचाही.

झेटरबर्गचं नाव निघालं की आमच्या धंद्यात कथाकीर्तन सुरू होतं. डेट्रॉइटचे युरोपातले स्काउट हाकन अँडरसन दुसऱ्याच कुणाला पाहायला गेले आणि त्यांना हे हिरे सापडले: १९९८ मध्ये १७१ वा पावेल दात्स्युक, १९९९ मध्ये २१० वा झेटरबर्ग. अँडरसन यांची नजर थोर, यात वाद नाही. पण डेट्रॉइटला एवढी खात्री असती तर त्यांनी आधीच्या फेऱ्यांत दुसरी मुलं घेतली असती का? मला या गोष्टींत दुसरंच दिसतं. त्या वेळी डेट्रॉइट जिंकणारा संघ होता, कुणाला घाई नव्हती. दात्स्युक रशियात २००१ पर्यंत खेळत राहिला, झेटरबर्ग स्वीडनमध्ये २००२ पर्यंत.

घाईचं उदाहरण एडमंटन. २०१०, २०११, २०१२, सलग तीन वर्षं पहिली निवड, आणि तरी २०१७ पर्यंत प्लेऑफचं तोंड पाहिलं नाही. तिसऱ्या वर्षीचा नेल याकुपोव आमच्याच ऑन्टारियोतल्या सार्नियाच्या संघातला. पहिल्याच ज्युनिअर हंगामात ४९ गोल, १०१ गुण. एनएचएलमध्ये तो ३५० सामने खेळला आणि संपला. मुलगा कमी पडला असं म्हणून लोक मोकळे होतात. एडमंटनमधल्या चार हंगामांत त्याने चार मुख्य प्रशिक्षक पाहिले, हे कुणी बोलत नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला बचाव करताना कुठे उभं राहायचं हे चार माणसं चार तऱ्हांनी सांगणार, आणि वरून संघ रोज हरणार. स्काउटच्या अहवालात या गोष्टीला रकाना नसतो, असायला हवा. मुलगा कुठल्या घरात जाणार आहे हे न पाहता त्याचं भाकीत करणं मला अर्धवट वाटतं.

डेट्रॉइटने आपल्या रीबिल्डमध्ये २०१९ ला सहावा म्हणून मोरित्झ सायडरचं नाव पुकारलं तेव्हा कॅमेऱ्यात सगळ्यात चकित चेहरा खुद्द सायडरचा होता. तो मानहाइममध्ये, जर्मनीच्या वरच्या लीगमध्ये, दाढीमिशीवाल्या माणसांशी खेळत होता; ‘ही वाट बंद झाली तर’ हा प्रश्न त्याला तिथे आठवड्यातून दोनदा पडत होता. तरीही त्याला एक वर्ष खालच्या संघात आणि एक वर्ष स्वीडनमध्ये ठेवलं. २०२२ चा सर्वोत्तम नवोदित तोच ठरला.

आमच्याकडे आता सप्टेंबर जवळ येतोय. गेल्या उन्हाळ्यात निवडलेला मुलगा सराव शिबिरात चमकणार, सराव सामन्यांत दोन-तीन गोल करणार, वर्तमानपत्रं त्याला ठेवून घ्या म्हणणार. नियम असा की अठरा-एकोणीसच्या मुलाला नऊ सामन्यांपर्यंत खेळवून ज्युनिअरमध्ये परत पाठवलं तर त्याच्या कराराचं वर्ष खर्ची पडत नाही, दहावा सामना खेळला की पडतं. नवव्या सामन्यानंतर मोठ्या खोलीत बैठक बसते. माझं मत विचारलं तर मी ‘परत पाठवा’ म्हणतो. दरवेळी विचारतातच असं नाही.