पंख झडलेले आईबाप

लडाखमध्ये त्सो कारच्या खाऱ्या पाण्याला लागूनच गोड्या पाण्याचं एक धाकटं तळं आहे, स्टार्टसापुक त्सो. साडेचार हजार मीटर उंचीवर जुलैत त्याच्या काठी हिरवळ फुटते आणि डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंब हंस आपली पिल्लं तिथं चरायला आणतात. पुढे मादी, मध्ये पिवळसर लवेची पिल्लं, सर्वांत मागे नर. सगळी माना घालून गवत खुडत होती. नराची मान तेवढी ताठ. दुर्बीण डोळ्यांना लावून मी बराच वेळ बसलो होतो. तेवढ्या वेळात त्यानं जेमतेम चार घास घेतले असतील.

डोमकावळा घिरट्या घालत खाली आला. मादीनं घशातून खोल आवाज काढला आणि पिल्लं तिच्या पोटाशी गोळा झाली. नरानं मान जमिनीलगत लांबवली, पंख पसरले आणि फुत्कारत धावला. त्या पंखांत उडण्याची पिसं नव्हती. नुसते कोंब होते.

हंसांची उडण्याची सगळी पिसं वर्षातून एकदा एकदमच झडतात, तीही पिल्लं वाढत असतानाच. हिमालय ओलांडणारा, सात हजार मीटरच्या वर नोंदला गेलेला हा पक्षी महिनाभर जमिनीला खिळतो. पिल्लांना पिसं फुटेपर्यंत त्याचीही येतात, मग सारं कुटुंब उडू लागतं. पिल्लं सोडून कुठं जायचंच नाही, तर पंख तेव्हाच बदलून घ्यावेत, असा हा निसर्गाचा काटेकोर हिशेब. तो मला ठाऊक होता. तरीही त्या कोंबांनिशी धावून जाणारा तो बाप पाहिला आणि गळा दाटून आला.

संकट आलंच तर पाण्यात शिरायचं, एवढीच त्यांची वाट. कोल्ह्यापासून ती पुष्कळदा वाचवते. पण छावण्यांचं, पर्यटकांचं उष्टं खाऊन वाढलेल्या भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या आता या पाणथळीत फिरतात, अंडी-पिल्लं फस्त करतात. आपण टाकलेल्या अन्नाची किंमत या पिल्लांनी मोजावी, हे मला सहन होत नाही.

हिवाळ्यात उजनीच्या पाणफुगवट्यावर, भिगवणच्या बाजूला पट्टकदंबांचे थवे उतरतात. त्यांत काहींच्या डोक्यावर पट्टे नसतात. ती त्याच वर्षीची पिल्लं. अंगानं आईबापांएवढी झालेली, पण चरताना अजून त्यांच्याच आसपास. इथवरचा रस्ता त्यांनी आईबापांच्या मागून उडतच शिकलेला असतो. इथंही कुणी ना कुणी मान उंच करून पहाऱ्याला असतोच.

वसंतात सगळे उत्तरेला परततात. मादी नव्या घरट्याची तयारी करू लागते आणि गेल्या वर्षीचं पिल्लू सवयीनं जवळ येतं. तेव्हा नर मान जमिनीलगत लांबवतो, पंख पसरतो आणि त्याच्याच अंगावर धावून जातो.