अडगळीतला पेंटियम आणि आज्यांच्या ओव्या



तुमच्या शाळेच्या अडगळीच्या खोलीत एखादा पिवळट पडलेला जुना संगणक आहे का, ते एकदा बघून या. बहुतेक असेलच. डेड स्टॉक रजिस्टरला त्याची नोंद असते, निर्लेखनाच्या यादीत तो दरवर्षी चढतो आणि भंगारवाला येईपर्यंत त्याच्यावर तक्ते, नकाशे, फुटके ग्लोब रचले जातात. आमच्याकडे असाच एक पेंटियम थ्री होता. १२८ एमबी रॅम, २० जीबी हार्ड डिस्क, विंडोज ९८. आताच्या मुलांना सांगितलं तर हसतात. त्यांच्या घरातल्या साध्या मोबाइलची रॅम त्याच्या कितीतरी पट.

तो वाचवावा असं मला वाटलं त्याला कारण होतं एक पालक. पालकसभेनंतर थांबून म्हणाले, "गुरुजी, मी इथं सातवीत असताना आपल्या अंकात आमच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या छापल्या होत्या. तो अंक मिळंल का? आई गेली आता." आमच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी २००२ ते २००५ या काळात मुलांना घरोघर पाठवून आज्यांकडून, आयांकडून ओव्या लिहून आणायला लावल्या होत्या. छापील अंकांचं कपाट वाळवीने खाल्लं. उरला तो संगणक, ज्यावर सरांनी हे सगळं स्वतः टाइप केलं होतं. आणि तो यादीत होता!

आता पहिली गोष्ट, आणि ही जपून ऐका: वर्षानुवर्षं बंद असलेला संगणक लगेच प्लगला लावू नका. आधी उघडा. आमच्या कॅबिनेटमध्ये पालीची अंडी होती, पंख्यावर गोधडीसारखा धुळीचा थर होता. मऊ ब्रश आणि ब्लोअर, एवढंच वापरायचं. ओलं फडकं नको. मुलांना आत बघू द्या, हात लावण्याआधी लोखंडी पत्र्याला स्पर्श करायला सांगा, म्हणजे अंगावरची स्थिर विद्युत निघून जाते. पण पॉवर सप्लायचा डबा आणि जुना काचेचा मॉनिटर मुलांसमोर उघडायचा नाही म्हणजे नाही. आपली २३० व्होल्ट एसी एकदिश झाली की शिखर सुमारे ३२५ व्होल्टचं होतं आणि ते डब्यातल्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही काही काळ टिकतं. मॉनिटरमध्ये तर हजारो व्होल्ट.

हार्ड डिस्क मी सर्वांत आधी काढून घेतली. संगणक सुरू केला की विंडोज डिस्कवर काही ना काही लिहीत बसतं, आणि म्हातारी डिस्क किती दिवस चालेल याचा भरवसा नसतो. म्हणून आधी प्रत, मग प्रयोग. चाळीस पिनांची आयडीई केबल यूएसबीला जोडणारा अडॅप्टर मिळतो, तो लॅपटॉपला लावला आणि लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यू या मोफत प्रोग्रॅमने अख्ख्या डिस्कची प्रत घेतली. तो आधी वाचता येतं ते सगळं घेतो आणि अडलेल्या जागी नंतर परत परत प्रयत्न करतो. बरीचशी डिस्क तासाभरात आली. शेवटच्या थोड्या जागांना रात्र लागली. तीन सेक्टर काही आले नाहीत.

मग मदरबोर्ड. प्रोसेसरजवळचे तीन कपॅसिटर वरून फुगले होते. त्यांच्या डोक्यावर खाचा मुद्दाम पाडलेल्या असतात, आत वायू तयार झाला की तिथून फुटावेत म्हणून. २००० च्या आसपासच्या अनेक बोर्डांमध्ये सदोष द्रव भरलेले कपॅसिटर होते, तो त्या काळचा जगभरचा रोग. बाजारपेठेतल्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांकडे बोर्ड नेला. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि १०५ अंश सेल्सिअसचाच माल, हे त्यांनी मुलांना दाखवून दाखवून सांगितलं. विज्ञानाच्या पुस्तकातलं एकक पहिल्यांदा वस्तूवर छापलेलं दिसलं पोरांना. पॉवर सप्लायही त्यांनीच मीटरवर तपासून दिला: पिवळ्या वायरला १२, लालला ५, नारिंगीला ३.३.

गणिताच्या शिक्षकांसाठी एक गंमत. बोर्डावरच्या नाण्यासारख्या सेलचं नाव सीआर २०३२. म्हणजे व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. मुलांना व्हर्निअर देऊन मोजायला लावा, नावातला आकडा हाती येतो. हा सेल संपला की संगणक तारीख विसरतो. नवीन सेल टाकला, रॅमचे सोनेरी दात खोडरबरने हलके पुसले, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली आणि बटण दाबलं. एक छोटा बीप. वर्गात टाळ्या!

सुधारणा करताना मोह आवरावा लागतो. एका पालकांचं म्हणणं होतं, "सर, डबा तोच ठेवा, आत सगळं नवीन बसवा." बसतंही, एटीएक्स मापाचा डबा आहे. पण मग जुन्या फाइली उघडायच्या कशावर? आम्ही रॅम २५६ एमबीने वाढवली. ५१२ च्या पुढे विंडोज ९८ अडखळतं, म्हणून तिथेच थांबलो. घरघर करणाऱ्या डिस्कच्या जागी ३२ जीबीचं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड लावलं. हे कार्ड मुळातच आयडीईची भाषा बोलतं, त्यामुळे मधला अडॅप्टर अगदी साधा आणि स्वस्त असतो. शिवाय विंडोज ९८ ला पेन ड्राइव्ह वेगळ्या ड्रायव्हरशिवाय कळत नाही. आता कार्ड काढायचं, लॅपटॉपला लावायचं, की फाइल इकडून तिकडे. इंटरनेट मात्र बिलकूल जोडायचं नाही, या विंडोजची देखभाल ११ जुलै २००६ लाच बंद झाली आहे.

"डिस्कची प्रत मिळाली होती ना, मग मशीन कशाला?" असं तुम्ही विचाराल. अंकाची पानं पेजमेकरमध्ये लावलेली होती, आणि तो प्रोग्रॅम त्याच मशीनवर होता. दुसरी अडचण मराठीची. ओव्यांच्या वर्ड फाइली नव्या लॅपटॉपवर उघडल्या तर नुसती इंग्रजी चिन्हांची खिचडी. त्या काळच्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या घरात देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. विंडोजमध्ये युनिकोड देवनागरीची सोय आली ती विंडोज २००० पासून. जुनी फाँट फाइल त्याच डिस्कवर सापडली, म्हणून अक्षरं तरी दिसली. पण शोधता येईना, मोबाइलवर पाठवता येईना.

रूपांतराचं काम आठवीच्या मुलांनी केलं आणि मला वाटतं व्याकरणाचा सगळ्यात चांगला तास तोच झाला. जुन्या फाँटमध्ये "कि" लिहायचं तर वेलांटी आधी, क नंतर, जशी दिसते तशी. युनिकोडमध्ये क आधी, वेलांटी नंतर, जशी उच्चारतो तशी. रफाराचं उलटं: "सूर्य" मधला र युनिकोडमध्ये य च्या आधी येतो, जुन्यात य लिहून झाल्यावर डोक्यावर बसतो. रूपांतर करणारा प्रोग्रॅम नेमका इथेच घसरायचा, मग मुलं ओळ ओळ मोठ्याने वाचून दुरुस्त करायची. एक वाद झाला. "सर, हे अशुद्ध आहे, 'पाणी' करू का?" आजीने "पानी" म्हटलं असेल तर "पानी"च राहील, असं मी ठणकावलं. शुद्धलेखनाचे गुण मी एरवी कापतो, पण ओवी माझी नाही ना.

त्या पालकांच्या आईच्या अकरा ओव्या सापडल्या. अंकाचं पान जसंच्या तसं छापून दिलं. त्यांनी ते तिथेच, मैदानाच्या कडेला उभ्या उभ्या हलक्या आवाजात म्हणून पाहिलं, आणि दोन ठिकाणी थांबून म्हणाले, "इथं आई हेल काढायची."

न आलेल्या तीन सेक्टरांपैकी एक ओव्यांच्या फाइलीत निघाला. एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट, आणि जुन्या फाँटमध्ये साधारण एका चिन्हाला एक बाइट, म्हणजे पाच-सहा ओव्या गेल्या. त्या दुसऱ्या एका आजीच्या होत्या. त्यांच्या धाकट्या बहिणीचं माहेरपण आता पलीकडच्या गावात आहे, वय झालंय, पण आवाज खणखणीत आहे म्हणतात. दिवाळीच्या सुट्टीत दोन मुली वही घेऊन जाणार आहेत. फाइलीत तेवढी जागा कोरी ठेवली आहे.