चाचांचा प्रश्न

वटवट्याच्या डोक्यावरची पिसं ओल्या बोटाने बाजूला सारली, की पातळ कातडीखालून कवटी दिसते. पहिल्या वर्षाच्या पाखराची कवटी एकसारखी गुलाबी असते. मोठ्या पक्ष्याच्या कवटीवर बारीक पांढरे ठिपके दिसतात, कारण तोवर तिच्यात हाडाचा दुसरा थर तयार झालेला असतो. तमिळनाडूतल्या पॉइंट कॅलिमियरच्या कॅम्पवर हे मला ज्यांनी दाखवलं, त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणायचो. ते बिहारचे मीरशिकार, पिढ्यान्‌पिढ्या पाखरं धरणारे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अलींच्या नेतृत्वाखाली 1959 साली पक्ष्यांच्या पायात कडी घालून स्थलांतराचा माग काढायला घेतला. त्या कामाला अशा माणसांच्या कसबाचा फार मोठा आधार होता.

मी सांगलीहून प्राणिशास्त्राची पदवी घेऊन गेलो होतो. मेंदूच्या आकृत्या तोंडपाठ होत्या, पण जिवंत रानपाखरू कधी हातात आलं नव्हतं. चाचांनी जाळ्यातून ब्लिथचा वटवट्या सोडवला, त्याची मान माझ्या तर्जनीत आणि मधल्या बोटात दिली आणि म्हणाले, "दबाना नहीं बेटा, बस रोकना." दहा-बारा ग्रॅमचा जीव. रशियापासून मध्य आशियापर्यंत कुठेतरी जन्मलेला, रात्रीरात्रीतून उडत इथे पोचलेला. पहिल्या वर्षाचं पाखरू असेल तर आई-बापही वाट दाखवायला सोबत नसतात. त्याचं डोकं माझ्या दोन बोटांमधून बाहेर आलेलं होतं आणि त्या एवढ्याशा कवटीत तो सगळा प्रवास होता. मी पुढे जे काही शिकलो, त्याची सुरुवात तिथे झाली.

चाचा म्हणायचे, नवं पाखरू दिशा ओळखतं, जुनं पाखरू जागा ओळखतं. त्यांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं. डच संशोधक पेर्डेक यांनी हेच प्रयोगाने दाखवलं होतं. त्यांनी हेगजवळ पकडलेल्या हजारो युरोपीय मैना स्वित्झर्लंडमध्ये नेऊन सोडल्या. लहान पक्षी ठरलेल्या दिशेनेच उडत राहिले आणि भलतीकडे, स्पेनपर्यंत गेले. मोठ्यांनी मात्र वाट बदलली आणि ते आपल्या नेहमीच्या हिवाळी मुक्कामाकडे वळले. हा निबंध 1958चा.

मग तो फरक मेंदूत कुठे उमटतो? सुझन हीली, एबरहार्ड ग्विनर आणि जॉन क्रेब्स यांचा 1996चा निबंध हाती आला, तेव्हा मला आधी चाचांची आठवण झाली. त्यांनी आफ्रिकेत हिवाळा काढणाऱ्या गार्डन वॉर्बलर या वटवट्यांचे मेंदू तपासले होते. जागांची आठवण जपणारा भाग म्हणजे हिप्पोकॅम्पस. आफ्रिकेची वारी करून आलेल्या पक्ष्यांमध्ये तो, बाकी मेंदूच्या मानाने, कोवळ्या पक्ष्यांपेक्षा मोठा भरला. स्थलांतर न करणाऱ्या सार्डिनियन वॉर्बलरमध्ये वयाबरोबर अशी वाढ दिसली नाही. म्हणजे नुसतं वय पुरेसं नाही, स्थलांतराचा अनुभवही त्यात असावा. (एकूण मेंदू पाहिला तर स्थलांतरी पक्ष्यांचा मेंदू एका जागी राहणाऱ्यांपेक्षा सरासरीने लहानच असतो. त्यामुळे तर मला या एका भागाचं जास्त अप्रूप वाटतं.)

पुढच्या भेटीत मी हे सगळं चाचांना सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं, आपलंच म्हणणं परत आल्यासारखी मान हलवली आणि विचारलं, "फिर छोड़ दिया उनको?"

नाही, चाचा. मेंदूचा आकार मोजायचा तर त्याचे पातळ काप करावे लागतात.

प्रौढ पक्ष्याच्या मेंदूत नव्या चेतापेशी तयार होतात, हे फर्नांडो नोटेबोम यांच्या प्रयोगशाळेने 1980च्या दशकात कॅनरींमध्ये दाखवलं. त्याआधी फार थोडे शास्त्रज्ञ असं मानायला तयार होते. इस्रायलमधल्या अनात बार्निया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच धागा स्थलांतराकडे नेला. स्थलांतराच्या काळात पकडलेल्या बोरूवनातल्या वटवट्यांना आणि होल्यांना त्यांनी नव्या पेशींवर खूण उमटवणारं द्रव्य टोचलं. पिसांतल्या हायड्रोजनच्या समस्थानिकांवरून पाखरू किती लांबून आलं असावं याचा अंदाज बांधला. ज्यांचा प्रवास लांबचा, त्यांच्या मेंदूच्या काही भागांत नव्या पेशीही जास्त, असा संबंध त्यांना 2016मध्ये आढळला. मला हा शोध अतिशय सुंदर वाटतो. हे पक्षीही परत उडाले नाहीत.

माझ्या बोटांतून सुटलेला प्रत्येक वटवट्या पायात कडं घेऊन झुडपात गेला. त्यांच्या डोक्यात काय घडतं हे मात्र मला न सुटलेल्या पक्ष्यांनी सांगितलं. चाचांचं आणि त्यांचं, दोन्ही देणी माझ्याकडे आहेत. मी वर्गात हिप्पोकॅम्पसचा आलेख दाखवतो, तेव्हा त्यावरचा एकेक ठिपका म्हणजे एकेक पक्षी आहे हे आधी सांगतो, आणि मुलांकडून ते ठिपके मोजून घेतो.