गोठलेले कुलूप

आमच्या खडकीत बर्फ पडत नाही. तरी गोठलेल्या कुलपाची विद्या आम्हांस येथेच लाभली. बॉम्बे सॅपर्सचे केंद्र येथे असल्याने मिस्सेला येणाऱ्यांत निवृत्त सैनिकही असतात. त्यांतील एका सुभेदारांनी लडाखमधील द्रासच्या हिवाळ्याची हकिकत सांगितली. तेथे पारा उणे 20 अंशांच्याही खाली उतरतो. कुलपात शिरलेला ओलावा गोठतो, आतल्या खिट्ट्या जखडतात व किल्ली फिरेनाशी होते.

"नवखा माणूस वरून उकळते पाणी ओततो, फादर. कुलूप क्षणभर सुटते. पण आत राहिलेले पाणी गोठून ते पुन्हा जखडते. जोर करावा, तर किल्लीच मोडते."

मग उपाय? किल्ली काडीच्या आचेवर धरावी, हलकेच आत सारावी, थांबावे, पुन्हा तापवावी. त्याहून बरे म्हणजे थंडीपूर्वीच कुलूप कोरडे करून ग्राफाइटची पूड घालावी. तेल गारठ्यात घट्ट होते.

आम्ही अंतर्मुख झालो. मद्यपानावरून एका तरुणास आम्ही चारचौघांत खडसावले होते. तेव्हापासून त्याने चर्चची पायरी चढली नव्हती. आम्ही निरोप धाडले, तेही उपदेशाचेच. उकळते पाणीच ते!

त्या सायंकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. क्षमा मागितली, चहा घेतला, उपदेश केला नाही. तो फारसे बोलला नाही. पुढील आठवड्यात पुन्हा गेलो. कुलूप अद्याप उघडलेले नाही. परंतु परवा निरोप देताना तो फाटकापर्यंत आला. प्रभूदेखील दाराशी उभा राहून ठोठावतो; दार फोडीत नाही.