सहाशे पंचवीसच्या चार द्या

पावसाळा लागला की असल्फ्याच्या टेकडीवरून माणसं तापाने फणफणत खाली उतरतात. त्यातली बरीचशी दवाखान्याची पायरी न चढता सरळ आमच्या मेडिकलच्या काउंटरला येऊन टेकतात. घाटकोपर पश्चिमेतल्या या दुकानात मी फार्मासिस्ट आहे.

‘ताई, सहाशे पंचवीसच्या चार द्या.’

‘चिठ्ठी?’

‘मागच्या वेळी ह्याच गोळ्यांनी उतरला होता ताप.’

अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड हे अँटिबायोटिकचं नाव कुणाच्या तोंडी नाही, पण आकडा पाठ. म्हणून लोकांना काही कळत नाही, असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. ज्याला काहीच माहीत नाही तो डॉक्टरांकडे जातो. आकडा माहीत असलेला माझ्याकडे येतो. पावसाळ्यातला ताप बहुधा विषाणूंचा. त्याच्यावर ही गोळी काही करत नाही. तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपसूक उतरतो, श्रेय मात्र गोळीला जातं आणि शेजारणीलाही तोच आकडा सांगितला जातो. तोवर पोटातले औषधाने मरणारे जिवाणू मेलेले असतात. उरतात, वाढतात ते न मरणारे.

एक रिक्षावाले दादा डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आले होते. कोर्स पाच दिवसांचा, मागितला दोन दिवसांचा. मी समजावलं, त्यांनी शांतपणे ऐकलं. ‘कळतंय ताई. पण मालकाचं भाडं द्यायचंय, गॅस भरायचाय. बरं नाही वाटलं तर येतो परत.’ बरं वाटलं असावं, आले नाहीत. प्रत्येक आजाराला लांबलचक कोर्स लागतोच असं आता डॉक्टरही म्हणत नाहीत. पण किती दिवस, हे त्यांनी ठरवायचं. इथे ते खिसा ठरवतो.

सगळं पेशंटवर ढकलणंही बरोबर नाही. जानेवारी 2012 च्या सुमारास माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडियांच्या चमूने चाचणी केलेल्या एकाही औषधाला न जुमानणाऱ्या टीबीचे चार रुग्ण जगापुढे आणले, तेव्हा गहजब झाला. त्यातल्या तिघांच्या जुन्या चिठ्ठ्या तपासल्या, तर वेगवेगळ्या खासगी डॉक्टरांनी एकेक औषध वाढवत नेलेलं, डोसही चुकीचे. त्याआधी 2010 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्याच पाहणीत मुंबईतल्या 106 खासगी डॉक्टरांपैकी फक्त 6 जणांना टीबीची चिठ्ठी बरोबर लिहिता आली होती. तेव्हा रिक्षावाल्या दादांना ज्ञान देताना माझी जीभ जरा अडखळते.

1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-वन ही औषधयादी लागू आहे. तिच्यातली टीबीची औषधं आणि बरीच वरच्या दर्जाची अँटिबायोटिक्स विकली की पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती गोळ्या, सगळं वहीत लिहायचं आणि वही तीन वर्षं जपायची. ती मी नेमाने भरते. चिठ्ठी सहाशे पंचवीसलाही लागते, पण त्या गोळीसाठी अशी वही नाही.

मी नाही म्हटलं की कुणी भांडत नाही. ‘बरं’ म्हणून रस्ता ओलांडतात. आमचे मालक वैतागतात, गिऱ्हाईक तुटतं म्हणतात. परवा समोरच्या मेडिकलमधल्या मुलाला मी विचारलंच, चिठ्ठीशिवाय देतोस कशाला?

तो म्हणाला, ‘मी नाही दिली तर ते तुमच्याकडे येतील ना, मॅडम.’