शेंडेनक्षत्राचे छायाचित्र

सन 2024 च्या आश्विनातील ही हकीकत. आदल्या वर्षी चीनमधील पर्पल माउंटन वेधशाळेस व दक्षिण आफ्रिकेतील अ‍ॅटलास दुर्बिणीस आढळलेला धूमकेतू 27 सप्टेंबरास सूर्याजवळून वळला व ऑक्टोबरात संध्याकाळच्या आकाशात आला. जव्हारास आमच्या परसातून तो काही साधेना. आधी ढग, मग कोजागरीचा चंद्र. अखेर 20 ऑक्टोबरास आम्ही आमची चार इंची दुर्बीण गोणपाटात गुंडाळून एस.टी.ने मोखाड्यास आजीकडे नेली.

त्या दिवशी नेमकी संकष्टी. आजीस चंद्र लवकर हवा, आम्हांस उशिरा! काळोख दाटल्यापासून चंद्रोदयापर्यंत जेमतेम एक तास आमचा होता.

शेंडेनक्षत्र दिसले की राजा जातो, असे आजी लहानपणापासून ऐकत आलेली. जव्हार संस्थान 1948 सालीच विलीन झाले, आता जावयास राजाच नाही, असे आम्ही म्हटले. पण तिचे दुःख निराळे होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दुर्बिणीशी वाकून ती म्हणाली, "नुसता धूर दिसतो रे." खरे सांगावयाचे तर आम्हांसही धूरच दिसत होता.

मग भिंग काढून तेथे कॅमेरा जोडला. दहा सेकंद उघडा ठेवताच ताऱ्यांच्या रेघा उमटल्या; आकाश दर चार मिनिटांस एक अंश सरकते, आणि त्याबरोबर फिरणारे यंत्र आमच्यापाशी नाही. दोन सेकंदांत डोके आले, शेपूट नाही. शेवटी हट्ट सोडला, कॅमेऱ्यास त्याचे स्वतःचे रुंद भिंग लावले व तो दुर्बिणीच्या नळीवर सुतळीने बांधला. रुंद चित्रात ताऱ्यांचे सरकणे फारसे जाणवत नाही. या वेळी शेपूट आली!

चित्र मोठे व उजळ करून आम्ही आजीच्या डोळ्यांपाशी धरले. तिने त्या पांढऱ्या पट्ट्यावरून बोट फिरविले.

"ही वर कशी? सूर्य तर खाली मावळला."

सूर्याचे तेज व त्याजकडून सुटणारा वारा शेपटीस दूर ढकलतो, असे आम्ही सांगितले. ती क्षणभर थांबली. "म्हणजे आता परत जाताना शेपूट पुढे नि डोके मागे?"

हे आमच्या ध्यानातच आले नव्हते. होय म्हणेपर्यंत पूर्वेकडील झाडांमागे चंद्र उजळला. तो तिला दुर्बिणीवाचून दिसला, आणि ती अर्घ्याचा तांब्या आणावयास आत गेली.